आईचं फडकं

"येऊ का?"

एवढं विचारून मॅडम काचेच्या पेटीजवळ उभ्या राहायच्या आणि उत्तराची वाट पाहायच्या. पेटीतलं माणूस जेमतेम किलोभराचं, नाकात दुधाची नळी, पायाला तारेची पट्टी, या जगात येऊन दोन-चार दिवस झालेलं. ते काय उत्तर देणार, असं तुम्हाला वाटेल. मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं होतं, आणि मी तोंडावर हात धरून हसले होते. पण मॅडमचं विचारणं वरवरचं नव्हतं. शेजारणीच्या दारात उभं राहून आपण आतून "ये गं" ऐकू येईपर्यंत उंबरा ओलांडत नाही, तशा त्या पेटीच्या गोल खिडकीबाहेर थांबायच्या.

आणि उत्तर यायचं. मूठ सैल मिटलेली असली, कपाळावर आठी नसली, की "या". पंजा उघडून पाची बोटं फाकली, भुवया चढल्या, उचकी लागली, की "आत्ता नको". "बरं, मग नंतर येते," म्हणून मॅडम खरंच पुढच्या पेटीकडे जायच्या. जिथं क्षणाचीही सवड नसे तिथं त्या अर्थातच विचारत बसत नसत. हात झरझर चालायचे. पण काम उरकलं की त्याच पेटीवर वाकून पुटपुटायच्या, "विचारलं नाही हां मी. राहून गेलं."

मी अलिबागेतल्या एका रुग्णालयात, नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात सिस्टर आहे. मॅडम तिथल्या बाळांच्या डॉक्टर होत्या. त्यांचं नाव सांगत नाही, कारण त्यांना ते आवडलं नसतं. तशीही आमच्याकडे नावांची फारशी पद्धत नाही. वेळेआधी आलेल्या बाळांची नावं घरच्यांनी ठरवलेली नसतात, तेव्हा आम्ही त्यांना गावाने हाक मारतो. खिडकीकडून मोजत गेलं की रेवदंडा, मग नांदगाव, मग म्हसळा, कोपऱ्यात मुरूड.

दुपारी जेवणं आटोपली की मॅडमच्या हुकमाने दिवे मंद व्हायचे, पेट्यांवर मऊ गोधड्या यायच्या, आणि सगळा किनारा ओळीने झोपलेला दिसायचा. यंत्रांवरचे हिरवे आकडे तेवढे जागे. त्या वेळी ती खोली जमिनीवर आहे असं वाटायचंच नाही. आपण कुठेतरी खोल पाण्यात उभ्या आहोत, लाटांचा आवाज इथवर पोचत नाही, आणि वर दूरवर होड्या चालल्या आहेत, असं मला कितीदा तरी वाटलं आहे. एकदा मॅडमना तसं बोलले. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. ही सगळी अजून पाण्यातच असायला हवी होती. लवकर बाहेर आली आहेत, हे आपण त्यांना कळू द्यायचं नाही, एवढंच आपलं काम."

म्हणून त्या टॉवेल गुंडाळून बाळाभोवती घरटं करायच्या, पाय मुडपून आईच्या पोटात होते तसे ठेवायच्या. बाळाला हात लावण्याआधी स्वतःचे हात काखेत धरून ऊन करायच्या. दाराच्या बिजागऱ्यांना आणि ट्रॉलीच्या चाकांना घालायला त्या श्रीवर्धनहून, भावाच्या वाडीतलं खोबरेल आणायच्या. आमच्या कक्षाचं दार त्यामुळे मुकं झालं होतं, आणि ट्रॉलीला वडे तळल्यासारखा वास यायचा.

माझी मात्र त्या काळात फार पंचाईत झाली. माझा आवाज जन्मजात मोठा. मी कुजबुजले तरी ते बाहेरच्या बाकावर ऐकू जातं. मॅडम रागवायच्या नाहीत. हळूच जवळ येऊन म्हणायच्या, "अगं, हा आवाज मांडव्याच्या धक्क्यावर जाऊन लाव. सुटलेली लाँच परत येईल." मी गप्प व्हायचे, पण पाच मिनिटांत पुन्हा सुरू. शेवटी त्यांनी मला एक काम दिलं. नांदगावच्या बाळाजवळ बसून त्याच्याशी बोलायचं, पण इतकंच हळू की त्याच्या भुवया हलता कामा नयेत. मी महिनाभर त्या बाळाला माझ्या सासरची सगळी गाऱ्हाणी सांगितली. त्याची एक भुवई हलली नाही. घरी माझे यजमान विचारायला लागले, बरं वाटत नाही का तुला?

आणखी एक सांगायला हवं. मॅडम पक्क्या शाकाहारी. घरात पिढ्यान् पिढ्या सुपारी, नारळ आणि पूजाअर्चा. आम्ही बाकीच्या मासळीवर वाढलेल्या. जेवायच्या सुट्टीत मी जवळ्याचा डबा उघडला की मॅडमच्या नाकाला, अगदी शेंड्याजवळ, एक बारीकशी सुरकुती पडायची. तोंडाने काही म्हणत नसत. पाण्याचा ग्लास घेऊन सावकाश खिडकीशी जाऊन उभ्या राहायच्या आणि बाहेरच्या बदामाच्या झाडात फार लक्ष असल्यासारखं दाखवायच्या. ती सुरकुती पाहायला मिळावी म्हणून मी कधीकधी डबा जरा लवकरच उघडायचे.

अशात दिघी आली.

दिघी म्हणजे खाडीपलीकडच्या दिघी गावच्या कोळीवाड्यातली मुलगी. खूप आधी आलेली, खूप लहान. बाप तिला घेऊन अलिबागेला आला, पण आई आली नाही. बाळंतपणात तिचं रक्त फार गेलं होतं, तिला तिकडेच ठेवून घेतलं आणि मग घरी सोडलं. पुढे ती हिंडू-फिरू लागली तरी आली नाही. बापाला विचारलं की तो मान खाली घालायचा. एके दिवशी मॅडमनी त्याला बाकावर बसवलं, स्वतः शेजारी बसल्या. मग तोच बोलला.

"आमचं पयलं पोर बी असंच पेटीत गेलं, डाक्टरीनबाय. ती म्हनते, पुन्यांदा माया लावून काय करू? जगली तर घेऊन या, म्हनते."

मॅडम म्हणाल्या, "खरं आहे तिचं." एवढंच.

पण दिघीचं बरं चाललं नव्हतं. औषधं चालू होती, नळीतून दूध जात होतं, आणि तरीही तिच्या अंगी काही लागत नव्हतं. जरा कुणी जवळ गेलं की ती दचकायची, हातपाय फेकायची, श्वास चुकवायची आणि यंत्र ओरडायला लागायचं. मिळालेली सगळी ताकद ती भिण्यात घालवत होती. मॅडम विचारायच्या, "येऊ का?" पाची बोटं फाकायची. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, नाहीच. दिघीने आल्यापासून एकदाही कुणाला "या" म्हटलं नव्हतं. मॅडमचा चेहरा त्या दिवसांत उतरला होता, आणि मला त्यांची आणि त्या चिमणीची दोघींचीही काळजी वाटत होती.

आमच्याकडे एक रीत आहे. जंतू मारलेलं एक चौकोनी फडकं आईला द्यायचं, तिने ते रात्रभर चोळीच्या आत, छातीशी ठेवायचं, आणि मग ते बाळाजवळ ठेवायचं. आई हजर नसली तरी तिचा वास हजर राहतो. मॅडमनी तसं फडकं पिशवीत घालून बापाकडे दिलं. तो ते घेऊन आगरदांड्याला गेला, बोटीने पलीकडे दिघीला उतरला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने परत आला. मॅडमनी पिशवी उघडली. फडकं पांढरंशुभ्र, कडक, चार घड्यांचं. त्यांनी ते नाकाशी नेलं.

"हे धुतलं कुणी?"

"तिनंच," बाप खुशीत म्हणाला. "गरम पान्यात, सेंटचा साबन लावून. इस्तरी पन केली."

"का?"

तो गोंधळला. "आमच्या अंगाला म्हावऱ्याचा वास हाय, बाय. दारात सुकट वालत घातलेली. ती म्हनली, एवढ्या साफ जागेत आपलं असलं फडकं कसं धाडायचं? लोक नाकाला पदर लावतील."

मॅडमनी घडी पुन्हा पिशवीत ठेवली. "लोकांचं राहू दे. ही आई नाही. हा साबण आहे." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाल्या, "तिला सांग, डॉक्टरीणबाईंनी वास मागितलाय. जसा असेल तसा."

पुन्हा नवं फडकं पलीकडे गेलं. परत आलं तेव्हा बापाने ती पिशवी अंगापासून लांब, दोन बोटांत धरली होती, आणि तो आमच्यापैकी कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हता. मॅडमनी फडकं बाहेर काढलं. मी शेजारीच उभी होते, मलाही वास आला. खोबरेल, ओव्याच्या शेकाचा धूर, आंबूस दूध, आणि या सगळ्याच्या खाली, पक्की मुरलेली सुकट. मॅडमच्या नाकाला ती सुरकुती पडली. डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं आता खिडकीशी जातात. पण त्यांनी डोळे मिटून तो वास पुन्हा एकदा, छाती भरून घेतला.

"हां," त्या म्हणाल्या. "आता आली आई."

फडकं घरट्याच्या कडेला, गालाच्या बाजूला ठेवलं. फार मोठा चमत्कार झाला असं मी सांगणार नाही, कारण झाला नाही. दिघी थोडी वळवळली, नाकपुड्या हलल्या, आणि ती झोपली. एवढंच. पण ती झोप वेगळी होती, हे आम्हां दोघींनाही कळलं. दुपारी दिवे मंद झाल्यावर मॅडम पेटीशी गेल्या. "येऊ का?" आम्ही वाट पाहिली. फडक्याच्या टोकावर एक एवढीशी मूठ होती, आणि ती मिटलेलीच राहिली. मॅडमनी हात काखेत धरून ऊन केले आणि आत घातले. यंत्र ओरडलं नाही. मी मात्र दाराबाहेर जाऊन रडून घेतलं, कारण मला रडणंसुद्धा हळू जमत नाही.

खरी गोष्ट पुढेच आहे. मॅडमनी दिघीजवळचं ते फडकं दुसऱ्या दिवशी काढून घेतलं आणि पिशवीत घालून बापाला दिलं. "हे न धुता पोरीच्या आईच्या उशाशी ठेव. तू काही बोलू नकोस. ये म्हणू नकोस, चल म्हणू नकोस."

फडकं खाडी ओलांडून गेलं. आणि त्याच आठवड्यात एका सकाळी आमच्या मुक्या दारात ती उभी दिसली. पोट आवळून बांधलेलं, कान रुमालाने घट्ट गुंडाळलेले, पायांत जोर नाही. मागे सासू पुटपुटत होती, "वल्या बालंतिनीनं खाडी वलांडली, सांगायचं कुनाला?" दिघीची आई आत येत नव्हती आणि परतही जात नव्हती. मॅडम तिच्यापासून थोड्या अंतरावर थांबल्या आणि त्याच आवाजात विचारलं, "येऊ का?"

तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग मान हलवली. मॅडम जवळ गेल्या तशी ती म्हणाली, "फडक्याला पोरीचा वास व्हता. रातच्याला दूध थांबंना झालं. लावनार न्हवते मी माया, बाय. लागली."

तिला खुर्चीत बसवलं, तेव्हा ती एकदम अवघडून म्हणाली, "जरा आंघोल करून येऊ? माजा वास..."

"खबरदार," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हा शब्द मी तेवढाच एकदा ऐकला.

दिघीला तिच्या उघड्या छातीवर ठेवलं आणि वरून दोघींना एकत्र बांधलं. आई आधी श्वास रोखून बसली होती. मग तिने तो सोडला, आणि पोरगीही त्या श्वासाबरोबर खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली, धक्क्याला बांधलेल्या होडीसारखी. ओहोटी-भरतीसारखं ते किती वेळ चाललं होतं मला सांगता येणार नाही. सासूसुद्धा बाकावर बसल्या बसल्या पेंगायला लागली. त्या दिवसापासून आई रोज तिथेच राहिली, दिघी हळूहळू भरत गेली, आणि एक दिवस बोटीत बसून घरी गेली.

मॅडम पुढे निवृत्त झाल्या आणि श्रीवर्धनला भावाकडे राहायला गेल्या. फोन करायच्या, पण इतक्या हळू बोलायच्या की अर्धं मला ऐकू यायचं नाही. मग एकदा फोन त्यांच्या वहिनींचा आला. मॅडमना अर्धांगाचा झटका आला होता. बोलणं गेलं होतं, ओळख राहिली नव्हती. घास तोंडाशी नेला की तोंड फिरवतात, कुणी जवळ गेलं की दचकतात, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतात. वहिनी चांगल्या बाई, रडत म्हणाल्या, "काय करू तेच कळत नाही हो."

मी निघाले. आगरदांड्याहून बोटीत बसले. पलीकडे धक्क्यावर दिघीची आई माझी वाट पाहत होती, कारण मी तिला कळवलं होतं, आणि तिचा हात धरून दिघी उभी होती, शाळेत जाणारी, दोन वेण्यांची, दात पडलेली. आईच्या खांद्यावर चौकडीचा पंचा होता. एसटीत माझ्याशेजारी बसता बसता ती हळूच म्हणाली, "आज मुद्दाम साबन लावला न्हाय, सिस्टर."

मॅडमच्या खोलीत ट्यूबलाईट जळत होती, टीव्ही चालू होता, आणि भेटायला आलेले कुणी दोघे त्यांच्या कानाशी वाकून मोठ्याने विचारत होते, "ओळखलंत का?" मी वहिनींना सांगून दिवा बंद केला, टीव्ही बंद केला, पाहुण्यांना चहाला बाहेर पाठवलं. खिडकीतून वाडीचा हिरवा उजेड तेवढा आत राहिला. दोन्ही बाजूंना उशा लावून त्यांच्याभोवती घरटं केलं. मग दारात परत गेले आणि माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात हळू आवाजात विचारलं.

"येऊ का?"

चांगला होता तो हात चादरीवर उघडला आणि पाची बोटं फाकली.

"बरं," मी म्हटलं, "मग नंतर येते."

आम्ही बाहेर पायरीवर बसून राहिलो. अंगणात सुपारी वाळत घातली होती. दिघी एकेक सुपारी उचलून परत तिथेच ठेवत होती. बऱ्याच वेळाने मी पुन्हा दारात गेले आणि पुन्हा विचारलं. हात चादरीवर होता, बोटं सैल मिटलेली. मी दिघीच्या आईला खूण केली.

ती कॉटच्या कडेला बसली. नुसती जवळ वाकली, आणि पंचा खांद्यावरून घसरून मॅडमच्या गालाशी आला. मॅडमच्या नाकपुड्या हलल्या. आणि मग, माझ्या डोळ्यांदेखत, नाकाच्या शेंड्याजवळ ती बारीक सुरकुती पडली.

मला हसू आलं आणि त्याच वेळी भडभडून आलं. मॅडम तिथेच होत्या. कुठे गेल्याच नव्हत्या. त्यांनी भिंतीकडचं तोंड सावकाश आमच्याकडे वळवलं, डोळे उघडले, आणि पंच्याचं टोक मुठीत धरलं. त्या दुपारी त्यांनी दिघीच्या हातून चार घास मऊ भात खाल्ला. निघताना मूठ सुटेना. बाळाच्या मुठीतलं फडकं ओढून घ्यायचं नसतं, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. दिघीच्या आईने पंचा तिथेच ठेवला आणि ती तशीच एसटीत चढली.

आठवड्याने वहिनींचा फोन आला. जेवण थोडं जातंय, झोप लागते, म्हणाल्या. मग जरा अवघडून विचारलं, "तो पंचा धुवायला टाकू का हो? घरभर वास सुटलाय."

"नको वहिनी," मी म्हटलं. "त्या आहेत तोवर धुऊ नका."

पुढे कधीतरी मी ड्यूटीवर असताना श्रीवर्धनहून आलेल्या एका गृहस्थांनी माझ्या हातात पुडकं दिलं. वहिनींनी पाठवलंय, एवढंच ते म्हणाले. मी पेट्यांच्या मधल्या वाटेत उभी राहून ते उघडलं. दिवे मंद होते, किनारा झोपला होता. आत चौकडीचा पंचा होता, स्वच्छ, कडक, चार घड्यांचा.

कळलं तरीही मी तो नाकाशी नेला. साबणाचा वास होता.